आबा जीप उताराला का लावायचे

आबा, माझे वडील, गेल्यावर जीप चालू होईना. गावात म्हणायचे, तिला आबांचाच हात लागायचा. मलाही ते ऐकून बरं वाटायचं. पण बरं वाटून दूध डेअरीवर पोचत नाही.

आमचं घर पाटण तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर वर, डोंगराच्या सोंडेवर आहे. जून लागला की त्या दोन किलोमीटरचा लाल राडा होतो. मग भाताचं बी, दुधाच्या किटल्या, आजारी माणूस, जे काही वरखाली करायचं ते आमच्या जीपमधून. महिंद्राची एमएम ५४०, १९९१ सालची. आबांनी ती पाचव्या मालकाकडून घेतली होती. इंजिन प्युजोच्या परवान्यावर बनलेलं, २११२ सीसीचं, साधं डिझेल. ना टर्बो, ना कसला कॉम्प्युटर. तीस-बत्तीस वर्षांच्या गाडीचं रबर तडकतं, तांबं काळं पडतं, बेअरिंगं झिजतात. त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही, ते वयाचं असतं. पुढं जे सांगणार आहे ते सगळं या वयाचं आणि मधल्या काळात झालेल्या अर्धवट दुरुस्त्यांचं.

मी कराडला शाळेत शिकवते आणि शनिवार-रविवार घरी असते. डिसेंबरातल्या सकाळी आई फोन करायची, गाडी फिरते पण धरत नाही. एका गॅरेजवाल्याला वर बोलावलं. त्यानं आधी बॅटरी नवी घालायला लावली. फरक पडला नाही. मग म्हणाला डिझेल दाबानं पाठवणारा पंप काढून कॅलिब्रेशनला पाठवा, डिझेल फवारणारे नोझल बदला, आणि एवढं करून नाही झालं तर इंजिन बसलंय, खोलावं लागेल. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून आई म्हणाली, भंगारात घाल. त्या रात्री मी झोपले नाही.

आबांचे एक जुने स्नेही आहेत. सरकारी खात्याच्या जीपा आणि ट्रक दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आता निवृत्त आहेत. आम्ही त्यांना मिस्त्री काका म्हणतो. ते आले, पडवीत बसले, चहा घेतला आणि बॉनेट उघडायच्या आधी मला विचारत राहिले.

"सकाळी धरत न्हाई का संध्याकाळी बी?"

"सकाळीच. दुपारी एकदा चालू झाली की मग दिवसभर ठीक."

"धूर?"

"पांढरा. खूप."

"डोळं झोंबत्यात का? का गोडसर वास येतोय?"

डोळे झोंबतात, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. पांढरा धूर दोन प्रकारचा, हे मला तेव्हा कळलं. डोळे झोंबणारा, डिझेलचा वास असलेला धूर म्हणजे डिझेल सिलेंडरमध्ये जातंय पण पेटत नाही. गोडसर वासाची वाफ म्हणजे कूलंट जळतंय, तिथं इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. निळा धूर ऑइलचा. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टर आधी बघायचा. आपल्या गाडीत डिझेल येतंय, फक्त गरमी नाही किंवा दाब नाही, एवढं त्या एका प्रश्नानं कळलं. पंप काढायचं बोलणं त्यांनी तिथंच बाजूला ठेवलं.

"टाकी भरलेली असली की बरी धरते का?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी आठवून पाहिलं. हो, धरायची. डिझेल भरून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमी बरी वागायची.

"आणि तू लावतीस कुठं?"

"इथं, गोठ्यापुढं. सपाटीवर."

"तुझा बाप कुठं लावायचा?"

आबा ती वरच्या वळणावर लावायचे. नाक उताराला करून, चाकाला दगड देऊन. आम्हाला वाटायचं बॅटरी मेलेली असली तरी उतारावर सोडून गिअरात चालू करता यावी म्हणून. काका नुसतं "हं" म्हणाले. ते "हं" कशाचं होतं हे कळायला मला तीन रविवार लागले.

काकांची एक शिस्त होती. आधी वीज, मग डिझेल, मग हवा-पाणी, लोखंड सगळ्यात शेवटी. आणि एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. मी शाळेच्या वहीतली दोन पानं काढून तक्ता आखला: तारीख, थंडी किती, सेल्फ किती सेकंद मारला, कितव्या प्रयत्नाला धरली, धूर किती वेळ राहिला. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मध्ये त्याला विसावा द्यायचा. नाहीतर एक दोष शोधता शोधता सेल्फ मोटर जळायची. पहिल्या सकाळची नोंद अशी आहे: चार प्रयत्न, मिळून बेचाळीस सेकंद, धूर सात मिनिटं.

विजेपासून सुरुवात केली. मल्टिमीटर माझ्याकडं शाळेतल्या प्रयोगासाठी घेतलेला होता. काकांनी मला सेल्फ मारायला बसवलं आणि स्वतः मीटर धरला. बॅटरीच्या दोन टोकांवर सेल्फ फिरत असताना १०.८ व्होल्ट. म्हणजे बॅटरी ठणठणीत, नवी घेतली ते पैसे वाया. मग त्यांनी मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर ठेवली, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि परत सेल्फ मारायला लावला. तिथं खरं तर शून्याच्या आसपास दिसायला पाहिजे, अर्ध्या व्होल्टाच्या आत तरी. दिसलं १.८. जवळजवळ दोन व्होल्ट अर्थिंगच्या पट्टीतच, बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या लोखंडाला जोडणाऱ्या पट्टीतच, अडकत होते. बॅटरीत ताकद होती, ती सेल्फपर्यंत पोचत नव्हती. चासीला जिथं ती पट्टी बोल्टनं बसते तिथं कधीतरी कुणी गाडी रंगवताना बोल्टाखाली रंग मारला होता, वर गंज चढला होता. पॉलिश पेपरनं घासून लोखंड पांढरं केलं, पट्टी नवी घातली. सेल्फचा आवाजच बदलला. आधी तो कण्हत फिरायचा, आता झपझप. धरायला मात्र तिनं एकतीस सेकंद घेतले.

त्या रविवारी दुपारी हीटर प्लग. या इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जात नाही, हेडमधल्या एका लहान कोठडीत जातं आणि तिथं पेटून मग सिलेंडरमध्ये पसरतं. थंडीत ती कोठडी गरम करायला प्रत्येक सिलेंडरला एक हीटर प्लग असतो. त्याशिवाय असलं इंजिन डिसेंबरात सहजी धरत नाही. हीटर तपासायला काही सोडावं लागत नाही, फक्त चारही प्लगांना जोडणारी पट्टी काढायची. मग बारा व्होल्टचा एक बल्ब घ्यायचा, त्याची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला. बल्ब लागला तर प्लग जिवंत, नाही लागला तर आतून तुटलेला. पहिल्याला लागला, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला लागला, चौथ्याला नाही. दोन मेलेले. गाडी सकाळी अर्ध्याच इंजिनावर जागी होत होती. म्हणूनच धरल्यावरही ती पहिली दोन मिनिटं लंगडत धडधडायची, आणि गावात सगळे म्हणायचे इंजिन बसलं.

मी पाटणहून चारही नवीन आणले. पुढच्या शनिवारी बसवले. रविवारी सकाळची नोंद: दोन प्रयत्न, अठरा सेकंद, धूर चार मिनिटं. मला वाटलं झालं. काका म्हणाले, "न्हाई. आजून काय तरी हाय. हीटर चांगलं असताना अठरा सेकंद न्हाई लागत."

आणि ते खरंच होतं. आता ती पहिल्या दोन-तीन सेकंदांत धरायची, चार फेरे मारायची आणि बंद पडायची. मग परत दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारला की नीट धरायची. ही खूण आधी दिसत नव्हती, कारण हीटर आणि अर्थिंगमुळं ती पहिल्यांदा धरायचीच नाही. वरचे दोन पदर काढल्यावर खालचा तिसरा उघडा पडला. अशा जुन्या गाडीत लोक वैतागतात ते इथंच, असं मला आता वाटतं. एक गोष्ट दुरुस्त केली, फरक अर्धाच पडला, म्हणजे निदान चुकलं असं वाटतं. निदान बरोबरच असतं, फक्त दोष एकटा नसतो.

धरून बंद पडते याचा अर्थ काका सांगायच्या आधी मीच बोलले, कारण रात्रभर तेच डोक्यात होतं. पंपात रात्रीचं थोडं डिझेल शिल्लक असतं, त्यावर ती धरते. मागून येते ती हवा. मग हवा निघून डिझेल येईपर्यंत सेल्फ मारावा लागतो. म्हणजे गाडी एअर घेतेय. काका हसले आणि म्हणाले, "मग आता शोध, कुठनं घेती."

ही सगळ्यात कठीण गोष्ट निघाली. डिझेलची गळती दिसते, थेंब पडतात, चिखलात इंद्रधनुष्य उमटतं. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लहान पंपापर्यंतची, नळी ओढीची असते. तिच्यात दाब नसतो, उलट ओढ असते. तिला बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं, स्वच्छ. आणि गाडी बंद असताना त्याच चिरेतून हवा शिरून नळीतलं डिझेल हळूहळू टाकीकडं परत उतरतं. रात्रभर उतरतं. म्हणून सकाळी त्रास, दुपारी नाही.

आधी सोपं ते केलं. फिल्टरवर नळ्या जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टांचे तांब्याचे वायसर बदलले. हे वायसर एकदा दाबले गेले की कडक होतात, परत वापरले की नीट बसत नाहीत, आणि आमच्याकडचे कितीदा वापरले होते देव जाणे. फिल्टरच्या तळाचा बोल्ट सोडून साचलेलं पाणी काढलं, अर्धी वाटी निघालं. हँडपंप मारून एअर काढली. फरक नाही.

मग काकांनी पाच लिटरचा स्वच्छ डबा मागवला. त्यात डिझेल ओतलं, बॉनेटच्या वर गोठ्याच्या वाशाला टांगला, आणि त्यातून नवी नळी थेट फीड पंपाला जोडली. टाकी आणि तिच्या सगळ्या नळ्या बाजूला. डिझेल वरून आपोआप खाली येणार, ओढायचं कामच नाही. डब्यावर एक रात्र ठेवलं. सकाळी चावी हीटरवर धरली, दिवा गेला, सेल्फ मारला. दोन सेकंद. धरली ती धरलीच. मी आईला हाक मारली, आई गोठ्यातून शेणाच्या हातानं धावत आली, काय झालं म्हणून. लगातार तीन सकाळी आईनं डब्यावर चालू करून बघितली आणि मला फोनवर सेकंद सांगितले: दोन, तीन, दोन. त्या तीन आकड्यांनी सिद्ध केलं की पंप चांगला, नोझल चांगले, इंजिनात दाब आहे. ज्या पंपासाठी आम्ही गाडी भंगारात घालणार होतो त्याला हात लावायची गरज नव्हती. दोष फीड पंपाच्या मागं कुठंतरी होता, टाकीपर्यंतच्या त्या काही फुटांत.

पुढच्या रविवारी टाकीची नळी परत जोडली, पण फीड पंपाच्या अलीकडं हातभर पारदर्शक नळी मध्ये घातली. गाडी चालू केली आणि आम्ही दोघं त्या नळीकडं बघत बसलो. डिझेल सोन्यासारखं पिवळं, आणि त्यात मोत्यांसारखे बुडबुडे, एकामागं एक. मग मी गाडीखाली गेले आणि टाकीकडून येणाऱ्या रबरी होजवर बोटभर अंतरानं ग्रीस चोपडत आले. एक जागा झाकायची, वर काकांनी बघायचं, बुडबुडे थांबले का. टाकीच्या तोंडाजवळ, जिथं होज लोखंडी नळीवर चढते आणि क्लिपनं आवळलेली असते, तिथं ग्रीस लावल्यावर काका ओरडले, "थांबलं!" क्लिप इतकी आवळलेली होती की तिनंच रबर कापलं होतं. चीर वरच्या अंगाला होती, खालून दिसणं शक्यच नव्हतं. सगळी होज कापून काढली. आतून ती डांबरासारखी झाली होती. हातभर नवी डिझेलची होज, दोन क्लिपा. एवढाच खर्च.

तेव्हा मला ते "हं" कळलं. टाकी इंजिनाच्या मागं आणि खाली. सपाटीवर गाडी उभी केली की नळीतलं डिझेल चिरेतून हवा घेत टाकीकडं उतरणार. नाक उताराला करून लावली की मागची टाकी वर, इंजिन खाली. डिझेल परत जाणार कुठं? टाकी भरलेली असली की पातळी वर, म्हणून तेव्हाही बरी धरायची. आबांना ही चीर माहीत होती का, हे मी काकांना विचारलं. ते म्हणाले, चीर न्हाई, पण गाडी कशी उभी केली की सकाळी धरती हे त्याला म्हाईत होतं. मग आबा गेले आणि मी गाडी सपाटीवर लावायला लागले. दोष नवा नव्हताच. बदलली होती फक्त उभं करायची जागा.

गाडीखाली आडवी पडल्यावर मला आणखी दोन गोष्टी दिसल्या होत्या, त्यामुळं पुढचे रविवारही गेले.

एक म्हणजे घाटात तापणं. कुंभार्ली घाट चढताना, पोफळीहून वर येताना, काटा लाल रेघेला टेकायचा. चिपळूणहून खताची पोती आणताना आबा निम्म्या वाटेत थांबून बॉनेट उघडून बसायचे, हे मी लहानपणापासून बघितलंय. काकांनी आधी काटाच खरा सांगतो का हे तपासायला लावलं. इंजिनावरचा तापमानाचा सेन्सर काढला, त्याची तार लांबवली, त्याच्या अंगाला एक अर्थिंगची तार बांधली आणि अंगणात गॅसची शेगडी मांडून उकळत्या पाण्यात त्याचं टोक धरलं. समुद्रसपाटीपासून जेवढं वर जावं तेवढं पाणी थोडं आधी उकळतं, आमच्या उंचीवर ते ९८ अंशांच्या आसपास. काटा लाल रेघेच्या जरा खाली जाऊन थांबला. म्हणजे काटा खरं बोलत होता, गाडी खरंच तापत होती.

गॅस्केटची भीती होती म्हणून तेही बघितलं. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून चालू केलं. पाण्यात बुडबुडे आले असते, किंवा वरचा होज मिनिटाभरातच दगडासारखा टणक झाला असता, तर सिलेंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. तसं काही नव्हतं. ऑइलचं झाकणही काढलं. आत दुधासारखा फेस नाही, आणि चालू इंजिनावर नुसतं ठेवलेलं झाकण उडतही नव्हतं, म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधूनही फारसा वारा फुटत नव्हता. मग गाडी चांगली गरम करून बंद केली आणि रेडिएटरवर हात फिरवला. वरचा भाग चटका देणारा, खालचा डावा कोपरा जवळजवळ गार. तिथल्या नळ्या आतून चुन्यानं बुजलेल्या. आम्ही ओढ्याचं पाणी घालायचो, वर्षानुवर्षं. बाहेरून रेडिएटरच्या बारीक पात्यांत भाताचा कोंडा आणि लाल माती बसलेली होती. ती इंजिनाच्या बाजूनं पाणी मारून बाहेर ढकलायची असते, समोरून मारलं की आणखी आत जाते.

आणि थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, नव्हता. कुणीतरी गाडी तापते म्हणून तो काढून टाकला होता. हे आपल्याकडं सर्रास करतात आणि मला ते फार चुकीचं वाटतं. तापण्याचं कारण बुजलेला रेडिएटर, काढला थर्मोस्टॅट. मग सकाळी इंजिन गरमच होत नाही, पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं, आणि थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही. धूर चार-चार मिनिटं का राहायचा याचं उरलेलं उत्तर तिथं होतं. रेडिएटर कराडला खोलून, नळ्यांत सळई मारून साफ करून आणला. नवा थर्मोस्टॅट, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी. धूर आता एक मिनिटाच्या आत जातो. कुंभार्ली मी मार्चमध्ये पाच पोती घेऊन चढले. काटा मधल्या रेघेच्या जरा वर गेला आणि तिथंच राहिला.

दुसरी गोष्ट स्टेअरिंगची. पन्नासच्या आसपास पुढचं एखादं चाक खड्ड्यात आपटलं की सगळा पुढचा भाग थरथरायला लागायचा, स्टेअरिंग हातातून सुटेल असं. गाडी पूर्ण हळू केल्याशिवाय ते थांबायचं नाही. एकाच सलग अॅक्सलच्या गाड्यांना हा आजार होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. एका माणसानं सांगितलं, स्टेअरिंगला धक्के शोषणारा डँपर टाका, थांबेल. डँपरनं थरथर दबते, ज्यामुळं ती सुरू होते ती सैल जागा तशीच राहते.

पुढची चाकं जॅकवर उचलली, खाली घोड्या लावल्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी जायचं नाही. मी चाक वर-खाली धरून हलवलं, घड्याळात बारा आणि सहा असतात तिथं. उजवं खडखडलं. आता खेळ चाकाच्या बेअरिंगमध्ये की चाक ज्यावर डावी-उजवीकडं वळतं त्या किंगपिनमध्ये? काकांनी मला ब्रेकवर पाय दाबून ठेवायला सांगितलं आणि स्वतः परत हलवलं. ब्रेक दाबला की ड्रम आणि बॅकप्लेट एक होतात, बेअरिंगमधला खेळ नाहीसा होतो. तरी हललं तर दोष किंगपिनचा. हललं. मग चाक आडवं, तीन आणि नऊला धरून हलवलं, आणि मी दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या टायरॉडच्या सांध्यांवर एकेक करून हात ठेवून बघत गेले. एका सांध्यात बोटाला टिचकी जाणवत होती. टायरॉड एंड बदलला, किंगपिनच्या वरच्या टोपीखालचे शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, कमी करून बेअरिंग आवळलं. शिम किती कमी करायचे हे अंदाजानं नाही केलं. घरातला भाताची पोती तोलायचा ताणकाटा टायरॉडच्या भोकात अडकवून दोन्ही बाजू ओढून बघितल्या, दोन्हीकडं सारखी ओढ लागेपर्यंत. थरथर गेली.

फोर बाय फोरचं थोडक्यात सांगते, कारण दोष लहान होता. चिखलात लिव्हर टाकला, पुढची चाकं आतल्या दांड्याला जोडणारे हब-लॉक फिरवले, तरी पुढची चाकं ढिम्म. खाली वाकून बघितलं तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरत होता. म्हणजे इंजिनाची ताकद पुढं-मागं वाटणारा ट्रान्सफर केस काम करतोय. चाकं वर उचलून लॉक केलेलं उजवं चाक हातानं फिरवलं तर आतल्या अॅक्सलचं जडपण हाताला लागलं, डावं मात्र मोकळं फिरलं. डाव्या हबमधलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं आणि लॉकची कडी पुढं सरकतच नव्हती. पण मग उजवं चाक तरी का ओढत नव्हतं, हे मला समजेना. काकांनी मातीवर काडीनं काढून दाखवलं. पुढच्या दोन चाकांच्या मधला डिफरन्शियल, म्हणजे दोन्हीकडं फिरणं वाटून देणारी गिअरांची पेटी, जिकडं विरोध कमी तिकडं फिरतो. डावा अॅक्सल मोकळा, तर सगळं फिरणं तिकडं. एका बाजूचं लॉक बसलं नाही की दोन्ही चाकं मेली. हब रॉकेलनं धुतला, हलकं ग्रीस भरलं, झालं.

त्याच वेळी त्यांनी एक ताकीद दिली, ती मी आईला आणि जे कुणी जीप चालवतात त्या सगळ्यांना देते. आपल्या या जुन्या जीपमध्ये पुढच्या-मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये वळण घेतलं की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापू बघतात आणि ते जमत नाही. ताण शाफ्टच्या सांध्यांतल्या क्रॉसांवर आणि ट्रान्सफर केसवर बसतो. लिव्हर अडकला तर जोर लावायचा नाही, दोन हात मागं घ्यायची, ताण सुटतो आणि लिव्हर आपसूक येतो.

एक काम राहिलंय. तिसऱ्या गिअरात, चढाला भार असताना, एक बारीक गुणगुण येते. उताराला येत नाही, दुसऱ्या-चौथ्यात येत नाही. मागच्या शनिवारी गिअरबॉक्सचं ऑइल काढून त्यात लोहचुंबक फिरवला. चुंबकावर पिठासारखी राखाडी भुकटी आली, ती झिजेची, चालते. कडक तुकडा एकही नाही. नवं ऑइल घातलंय, आवाज पहिल्यापेक्षा कमी आहे का हे मी वहीत लिहीत जाते. काका म्हणालेत, सुगी होऊ दे, भात खाली जाऊ दे, मग दिवाळीनंतर खोलू. तोवर सकाळची नोंद आईच ठेवते. कालची अशी होती: गाडी गोठ्यापुढं, सपाटीवर, टाकी पावच भरलेली, चार दिवस उभी. एक प्रयत्न. दोन सेकंद.